उजवा कौल

“आई, बाबांना बोटींचे व्हिडिओ बघू देऊ नको. आणि मला वचनबिचन नको, तू नेम धर. वचन तू विसरशील, नेम मोडायची नाहीस.”

निनाद हे बोलला तेव्हा उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बाहेर रिक्षा उभी होती. हे, म्हणजे माझे यजमान, त्याची मोठी बॅग रिक्षात आडवी घालायची की उभी यावरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. हे म्हणत होते आडवी, तो म्हणत होता उभी. शेवटी बॅग आडवी गेली आणि निनाद अंग चोरून तिच्या शेजारी बसला.

आमच्या खाडीकाठच्या वाडीत दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी बोटीवर असतं. निनादही इंजिनरूममध्ये कामाला होता, त्याची ही पाचवी फेरी. जाणं-येणं आम्हाला नवं नव्हतं. पण त्या वर्षी तिकडे आखातात लढाई पेटली होती, आणि त्याच्या बोटीची वाट नेमकी तिथूनच जायची होती.

मी विचारलं होतं, नेम कसला धरू? तर म्हणाला, दिवसातून एकदाच फोन उघडायचा. माझा निरोप आला का तेवढं बघायचं आणि ठेवून द्यायचा. मी सांगेन तेच खरं, बाकी जग काही सांगू दे. आणि बाबांना तर तेवढंही नको, त्यांचं काळीज तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. त्या चातुर्मासात मी निनादसाठी लाखवातींचा नेम आधीच ठरवला होता. रोज कापसाच्या वाती वळायच्या, शंभराच्या जुड्या बांधायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला भगवतीच्या देवळात लावायच्या. ताम्हनात पळीभर पाणी सोडताना मी त्याला हा दुसरा नेम जोडला.

यांचं नाव वामन पिलणकर. वाडीत सगळे वामनभाऊ म्हणायचे. पस्तीस वर्षं मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केली. मग छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पाना हातात धरायला मनाई केली, आणि त्या रिकाम्या हातात निनादनेच घेऊन दिलेला फोन आला.

लढाई सुरू झाल्यापासून हे सकाळी दात घासायच्या आधी जळत्या बोटी बघायचे. एकच बोट दहा वेगवेगळ्या नावांनी जळताना मी स्वतः पाहिली. खाली कुणीतरी लिहिलेलं असायचं, आत्ताची बातमी, सगळ्यांना पाठवा. हे चष्मा नाकावर घट्ट बसवून फोन डोळ्यांशी धरायचे आणि धुराडं बघायचे.

“ही निळ्या पट्ट्याची. आपली पिवळी,” असं म्हणून मोठा श्वास सोडायचे आणि पुढची बोट लावायचे.

निनाद गेल्यावर आठ दिवसांत यांचं जेवण अर्ध्यावर आलं. बोलता बोलता हात छातीवर जायचा. एकदा चहाचा कप हातात तसाच राहिला, वर साय धरली, आणि हे एका बोटीवरची माणसं पाण्यात उड्या मारताना मोजत होते.

नाक्यावर शेट्यांचं दुकान आहे. किराणा, कापूस, उदबत्ती, आणि फोनचं रिचार्जही तेच मारतात. मी त्यांना गाठून सांगितलं, यांच्या फोनमध्ये बोलण्यापुरतं मारा, नेट मारू नका. शेट्ये म्हणाले, वहिनी, भाऊ मला फाडून खातील. मी म्हटलं, सांगा टॉवरचं काम चाललंय म्हणून.

टॉवरचं काम चार महिने चाललं. यांनी किती वेळा विचारलं असेल, आणि मी प्रत्येक वेळी देवघराकडे न बघता तेच सांगितलं. त्या खोट्यासाठी मी रोज एक वात जास्त वळत असे. ती जुडीत धरत नसे.

फोन मुका झाल्यावर हे दोन दिवस घरभर येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, दे इकडे तो कापूस. तुझी देवी बायकांच्याच हातच्या वाती घेते असं कुठे लिहिलंय का?

ग्रीस आणि डिझेलमध्ये मुरलेली ती बोटं. पहिली वात करंगळीएवढी जाड झाली.

“अहो, ही वात आहे की इंजिनाचं पॅकिंग?”

“गळती होणार नाही, एवढं नक्की.”

मग रोज दुपारी ओटीवर आम्ही दोघं वाती वळत बसू लागलो. वाडीतल्या बायका जाता-येता थट्टा करायच्या, भाऊंना आता काकणं भरा म्हणायच्या. हे म्हणायचे, भरा, पण हिरवी नकोत, मला शोभत नाहीत. हातात कापूस असला की छातीकडे हात जात नसे. जेवण पुन्हा पूर्ण होऊ लागलं. मी मनात म्हणायचे, निनाद, तुझा नेम लागू पडला रे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. दिवेलागणीला मी घराबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. या घरात आले त्या दिवसापासून तुळशीपुढे आणि देवापुढे दिवा मीच लावला, एकतीस वर्षं. निनादची गाडी नेहमी संध्याकाळची. त्याला स्टेशनवर आणायला जायचे ते हेच. मी दारात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी राहायचे, त्याच्यावरून ओवाळून टाकायला. निनाद लहानपणी रुसायचा, सगळ्यांच्या आया एसटी स्टँडवर येतात, माझीच येत नाही. हे त्याला म्हणायचे, तुझी आई दिव्याच्या ड्युटीवर आहे बाबा, तिला सुट्टी मिळत नाही.

कार्तिक उजाडला. पौर्णिमेला आठ दिवस राहिले. आणि निनादचे निरोप बंद झाले.

आधी तो रोज सकाळी एकच ओळ पाठवायचा, “ठीक आहे, जेवलो.” मी पूजा झाल्यावर फोन उघडायचे, ती ओळ वाचायचे, यांना मोठ्याने ऐकवायचे आणि फोन फडताळात ठेवायचे. एक दिवस ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी यांनी कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, सुरक्षेसाठी बोटीवरचं नेट बंद ठेवलंय, सगळे सुखरूप आहेत. हे म्हणाले, पोरगी पाठ केल्यासारखं बोलते.

चौथा दिवस रविवार होता. पूजा झाली. फोन उघडला, ओळ नव्हती. वाडीतल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मात्र बरंच काही आलं होतं. ते मी न वाचता वर सारत गेले, तरी एका ठिकाणी डोळे अडखळले. पिवळ्या धुराड्याची बोट होती. चित्र हलत नव्हतं, फक्त धूर होता. मी फोन पालथा ठेवला.

देवापुढे पुन्हा बसले आणि कौल लावला. आमच्याकडे देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेलं एकेक फूल चिकटवतात आणि हात जोडून प्रश्न विचारतात. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. मी तगरीची दोन फुलं लावली. निनादचा कोर्स संपला तेव्हाचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता, चौकटीत बसवलेला. तो भिंतीवरून काढून देवीच्या पायाशी उभा केला. विचारलं, माझा मुलगा सुखरूप आहे का?

किती वेळ गेला सांगता येणार नाही. निरांजनाची वात एकदा मला पुढे करावी लागली. मग उजवीकडचं फूल सुटलं आणि खाली घरंगळून फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यावर जाऊन बसलं. जणू कुणी हाताने ठेवलं.

मी रडले. आनंदाने रडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि त्या आनंदात फोन पुन्हा हातात घेतला. दिवसातून एकदा, हा माझा नेम. पण मी स्वतःला सांगितलं, अजून ठेवला कुठे होता, हे एकदाच धरायचं. त्या कौलाचा फोटो काढला. फूल, चौकट, पुढे निरांजन, उदबत्तीचा धूर. तो मंडळाच्या ग्रुपवर पाठवला आणि त्याच्याखाली वेगळं लिहिलं, देवीने उजवा कौल दिला आहे, निनाद सुखरूप परत यावा म्हणून आज सर्वांनी एकेक माळ जप करावा ही विनंती. लगेच हात जोडलेली चित्रं यायला लागली. मी फोन फडताळात ठेवला आणि शिरा करायला घेतला.

हे कापूस आणायला शेट्यांकडे गेले होते. जाताना चष्मा खिडकीतच राहिला, मी हाकही मारली. कापूस ओळखायला चष्मा कशाला, असं म्हणून गेले.

साडेबारा झाले तरी आले नाहीत. मग मागच्या अंगाने विहिरीचा रहाट वाजला. जाऊन बघते तर हे कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतून घेत होते. एक कळशी, दुसरी, तिसरी.

“अहो, हे काय? सकाळी अंघोळ झाली ना?”

“ऊन लागलं गो.”

“कार्तिकात?”

“लागलं तर लागलं.”

कापूस आणला नव्हता. विचारलं तर म्हणाले, संपला त्याच्याकडे. टॉवेलने डोकं पुसताना तोंड टॉवेलातच बराच वेळ राहिलं.

पानावर शिरा वाढला. यांनी विचारलं, आज गोड कशाला? मी सांगितलं, कौल उजवा आला. निनाद सुखरूप आहे.

हे माझ्याकडे बघत राहिले. तसं बघणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला आठवतं. मग मान खाली घातली आणि शिरा खाल्ला. नेहमी दोन चमचे घेऊन साखर जास्त झाली म्हणणारा माणूस, त्या दिवशी वाटीभर शिरा एकेक घास करून संपवला आणि म्हणाला, छान झालाय.

जेवण झाल्यावर म्हणाले, तुझा फोन दे जरा.

मला वाटलं, चार दिवसांची घालमेल, यांना बोटी बघायच्यात. मी म्हटलं, नाही देणार.

“दे गो. ऐक माझं.”

“निनादला शब्द दिलाय मी. तुमच्या हातात फोन नाही म्हणजे नाही.”

“मला बघायचाच नाही.” पुढे केलेला हात मागे घेतला. “बरं, मग असं कर. बंद करून टाक. माझाही बंद करतो. मलाही नको, तुलाही नको. पौर्णिमेपर्यंत जग गेलं उडत.”

माझ्या मनासारखं बोलले. मला इतकं बरं वाटलं की विचारलंही नाही, एवढं शहाणपण आज कुठून आलं. नेम म्हणून पडद्याकडे न बघताच दोन्ही फोन बंद केले आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवले.

दुपारी नेहमीसारखी ओटीवर वाती घेऊन बसले. उरलेला कापूस दोघांना पुरला असता. हे पायरीवर बसले, खाडीकडे तोंड करून. म्हणाले, आज मी हात लावत नाही. तू कर. मी पाणी मागितलं तर देवघराजवळच्या माठाशी गेले नाहीत, मोरीतल्या कळशीतलं आणलं. मला वाटलं थकलेत.

चार-साडेचारला चहा नेऊन दिला. भरती येत होती. हे एकदम म्हणाले, “यावेळी निनादला आणायला तू पण यायचंस.”

“मी? दिवेलागणीला?”

“कधीही येऊ दे. सकाळी येऊ दे, दिवेलागणीला येऊ दे. त्याला एकट्याने आलेलं चालणार नाही. मी असेन, नसेन. तू जायचंस.”

“तुम्ही नसायला कुठे जाताय?”

“वचन दे.”

मला हसू आलं. म्हटलं, तुमचा लेक तर म्हणतो आई वचन विसरते. नेम धरू का?

“नको. नेम देवाला. मला वचन दे.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. कापसाचे तंतू माझ्या बोटांना चिकटलेले होते, ते त्यांच्या तळहाताला लागले. ते त्यांनी झटकले नाहीत.

सूर्य खाडीपलीकडे उतरला. मी उठले, हातपाय धुतले, तुळशीपुढे दिवा लावला, मग देवापुढे. निरांजन ओवाळून ओटीवर आले, यांनाही हात फिरवायला द्यावा म्हणून. हे खांबाला टेकून तसेच बसले होते. हाक मारली. पुन्हा मारली. निरांजन माझ्या हातात होतं, ते कुठे ठेवायचं हे मला सुचेना.

दोन घरं सोडून सुहासिनीवहिनी राहतात, आमच्या मंडळाच्या प्रमुख. माझा आवाज बाहेरच्याला कधी ऐकू जात नाही, पण त्या दिवशी गेला असावा. त्या धावत आल्या, यांच्या नाकाशी हात धरला, म्हणाल्या, फोन कुठे आहे तुझा, डॉक्टरांना लावते. मी म्हटलं, तांदळात. त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झाले. मग त्यांनी डबा उपडा केला.

फोन चालू झाला आणि वाजतच राहिला. एकामागून एक, थांबेचना. वहिनींनी कसाबसा डॉक्टरांना निरोप दिला, आणि मग फोनकडे बघत म्हणाल्या, “अगो, इतक्यात सगळ्यांना कळलं कसं?”

मी बघितलं. फुलं, समया, हात जोडलेले. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मला वाटलं, खरंच, किती लवकर कळलं. हे अजून पायरीवर आहेत, अंग गरम आहे. मग वेळ दिसली. दुपारचे सव्वाबारा. मग फोटो दिसला.

फोटो यांचा नव्हता.

पांढरा गणवेश. चौकटीच्या कोपऱ्यावर तगरीचं फूल. भोवतीचं देवघर कुणीतरी कापून टाकलेलं, देवीचा पदर तेवढा वरच्या बाजूला राहिलेला. निरांजन होतं. खाली कुणी जाड काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, युद्धात आपल्या भूमिपुत्राचं निधन. फोटो गावोगाव गेला होता. मी खाली लिहिलेले शब्द मागेच राहिले होते, आमच्या ग्रुपवर, हात जोडलेल्या चित्रांच्या गर्दीत.

सुहासिनीवहिनी खाली बसल्या. “मी फक्त माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकला गो,” त्या म्हणाल्या. “जपासाठीच. तुझ्याच लेकरासाठी.”

चौकटीवर फूल, पुढे दिवा. तो फोटो मीच काढला होता.

त्या ढिगाऱ्याखाली आणखी एक होतं. पावणेपाच वाजताचं.

“आई, नेट सुरू झालं. मी ठीक आहे. तीनदा फोन केला, बंद लागतोय. बाबांना दे ना.”

पावणेपाचला माझा हात यांच्या हातावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादचा फोन आला. बोट अजून समुद्रात होती, पुढचं बंदर अठरा दिवसांवर. अग्नी माझ्या पुतण्याने दिला. निनादच्या मागे इंजिनाचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, “आई, बाबांनी काही बघितलं होतं का? खरं सांग.”

मी म्हटलं, “माझ्या हातून त्यांना एकही बोट दिसली नाही.”

“मला माहीत होतं,” तो म्हणाला आणि रडायला लागला.

माझं वाक्य खरं होतं. तसं खरं मी पुन्हा कधी बोलू नये, एवढंच देवीकडे मागते.

तेराव्याला शेट्ये आले. सगळे गेल्यावरही बसून राहिले. कापसाचं एक मोठं पुडकं आणलं होतं, ते मांडीवर धरून. म्हणाले, वहिनी, भाऊंनी शपथ घातली होती, पण आता मला ते पेलवत नाही.

त्या रविवारी हे कापूस घेत होते. दुकानात पलीकडच्या गावातला एकजण उभा होता, त्याच्या फोनवर तो फोटो आला. त्याने सहज विचारलं, वामनभाऊ, हा तुमचाच ना? यांच्याकडे चष्मा नव्हता. मुलाचा चेहरा ओळखायला चष्मा लागत नाही, आणि ती काळी अक्षरंही मोठी होती. चौकटीच्या वर देवीचा पदर होता, तो मात्र चष्म्याशिवाय दिसला नसेल. हे साबणाच्या खोक्यावर बसले. शेट्यांच्या फोनवरून कंपनीच्या ऑफिसला दोनदा लावला. रविवार, कुणी उचलला नाही.

“मग म्हणाले,” शेट्ये सांगत होते, “शेट्ये, पौर्णिमेला पाच दिवस आहेत. लाखाला थोड्याच वाती कमी आहेत तिच्या. सुतक कळलं तर तिचा नेम मोडेल, आणि पोरासाठी धरलेला नेम मोडला तर ती जगायची नाही. तोवर वाडीत कुणी तिला सांगायचं नाही. जो सांगेल त्याच्या घरची पायरी मी चढणार नाही. पाप लागलं तर मला लागू दे. असं म्हणून दुकानात होते त्या सगळ्यांना हात जोडले त्यांनी. कापूस तसाच काउंटरवर राहिला.”

पुडकं त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

तेव्हा मला विहिरीचा रहाट ऐकू आला. तीन कळश्या. वातींना न लावलेला हात. मोरीतलं पाणी. वाटीभर शिरा. पौर्णिमेपर्यंत जग गेलं उडत. आणि ते पायरीवरचं, सकाळी येऊ दे, दिवेलागणीला येऊ दे, त्याला एकट्याने आलेलं चालणार नाही. मी हसून हात पुढे केला होता. ते निनादला नव्हे, त्याच्या देहाला आणायला ये म्हणत होते, हे मला तेराव्या दिवशी कळलं.

मी त्यांना आग दिसू नये म्हणून फोन झाकला. त्यांनी मला राख दिसू नये म्हणून. आणि आमचा मुलगा तीनदा फोन करत होता.

देवी खोटं बोलली नव्हती. ती मला उत्तर देऊन मोकळी झाली होती. ते माझ्याजवळ ठेवायचं मला जमलं नाही.

मार्गशीर्षात कंपनीने निनादला लवकर उतरवलं. गाडी संध्याकाळी सहा चाळीसला येणार होती. सुहासिनीवहिनी सकाळीच येऊन सांगून गेल्या, आमचे जावई जातील गाडी घेऊन, तू दिवा लाव, दारात उभी राहा. त्या दिवसापासून त्या माझ्या डोळ्याला डोळा देत नसत, तेव्हाही दिला नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, नको, मी जाते.

“दिवेलागणीला?”

“हो. दिवा आज राहू दे.”

पाच वाजता अंगावरचं पातळ बदललं. उंबऱ्याच्या आत तांब्या भरून ठेवला, ताटलीत भाकरीचा तुकडा, वर दुरडी झाकली. देवघरात निरांजन घासून पालथं ठेवलेलं होतं. नमस्कार केला. वातींचा डबा कोनाड्यात होता, अपुराच. त्यातली यांनी वळलेली एक जाड वात काढून पदराच्या गाठीत बांधली. फोन पिशवीत घातला. तो फोटो मी पुसला नव्हता, त्याखालचे माझे शब्दही नाही. स्टेशनपासून घरापर्यंत पाऊण तास लागतो. निनादने विचारायच्या आधी तो मीच त्याच्यासमोर धरायचा होता. मग त्याला माझ्याशी बोलावंसं वाटो न वाटो.

कडीला हात घातला तेव्हा सूर्य खाडीवर हातभर उरला होता. एकतीस वर्षांत त्या वेळी माझं अंगण बाहेरून कसं दिसतं ते मी पाहिलं नव्हतं. तुळशीपुढची दिवली काळोखी होती.

रिक्षावाला तोच होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे, आणि रिक्षा वळवून घेतली.

“येताना मोठी बॅग असेल,” मी बसता बसता त्याला सांगितलं. “ती आडवी घालायची.”